काळ्या घोड्यावरचा स्वार शोधताना

नाताळच्या सुट्टीत मुंबईला जायला आम्ही नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली, तेव्हा मुलांनी केलेली यादी माझ्या पर्समध्ये होती. पेंग्विन, समुद्र, म्हातारीचा बूट, तारांगण, विज्ञान केंद्र आणि तळाशी मोठ्या अक्षरांत पुन्हा पेंग्विन. बरोबर नऊ वर्षांची लेक सई, सहा वर्षांचा भाचा पार्थ आणि सत्तरी ओलांडलेली आई. हाताशी दोन दिवस होते. कसारा घाट उतरेपर्यंत मी यादीतली निम्मी नावं खोडली. लहान मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असलं की एका दिवसात एकच मोठी जागा करावी, या मतावर मी ठाम आहे.

पहिला दिवस छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा. जुनी माणसं अजून त्याला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात. 1905 मध्ये पायाभरणी झाली, 1914 मध्ये इमारत तयार झाली आणि लगेच महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी वापरली गेली. लोकांसाठी दारं उघडली ती 1922 मध्ये. सईला यातली रुग्णालयाची गोष्ट फार आवडली. नंतर प्रत्येक दालनात शिरताना ती विचारायची, "इथं खाटा होत्या का गं?"

मधल्या मोठ्या दालनात मात्र मुलांपेक्षा आईच जास्त वेळ थांबली. वर पाहिलं की सज्जाभोवती लाकडी कमानींची सुंदर ओळ दिसते. इमारतीचा वास्तुकार जॉर्ज विटेट यानं ती नाशिकच्या एका जुन्या वाड्यातून विकत घेऊन इथं बसवली. मी हे सांगितलं आणि आई खांबाशीच उभी राहिली. तिचं बालपण जुन्या नाशकातल्या वाड्यात गेलं. तो वाडा पाडून तिथं आता चार मजली इमारत आहे. चौकातल्या महिरपींखाली ती कशा सागरगोट्या खेळायची, पावसात लाकडाला कसा वास यायचा, हे ती मुलांना सांगू लागली. इतकी वर्षं तिनं हे कधीच बोलून दाखवलं नव्हतं. जवळचा पहारेकरीही ऐकत उभा राहिला आणि शेवटी म्हणाला, "मावशी, वर जा, जवळून दिसेल." जिन्यापाशी एरवी गुडघ्यांची तक्रार करणारी आई एका दमात वर गेली.

बाकी संग्रहालय आम्ही अर्धंच पाहिलं, त्याची मला खंत नाही. पार्थला अकबराचं चिलखत आणि ढाल पाहायची होती, सईला प्राणी-पक्ष्यांचं दालन. लघुचित्रं मी एकटीनं भरभर पाहिली. आवारातच मुलांसाठी वेगळं संग्रहालय आहे, तिथं थोडा वेळ काढला. भूक लागल्यावर बाहेर पडलो आणि समोरच्या काळा घोडा परिसरात आलो.

तिथल्या घोड्यावर स्वार नाही. पार्थनं लगेच विचारलं, "आत्या, याच्यावरचा माणूस कुठं गेला?"

या प्रश्नानं आमचा पुढचा दिवस ठरवून टाकला. परिसराला नाव देणारा मूळ पुतळा इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा, तो युवराज असतानाचा. 1879 मध्ये तो इथं उभा राहिला. ब्राँझ काळपट दिसायचं आणि लोकांना राजापेक्षा घोडाच लक्षात राहिला, म्हणून नाव पडलं काळा घोडा. 1965 मध्ये पुतळा इथून हलवला. नाव मात्र जागेला चिकटून राहिलं, आणि 2017 मध्ये शिल्पकार श्रीहरी भोसले यांनी घडवलेला हा नवा, बिनस्वाराचा घोडा आला. "मग जुना कुठंय?" "राणीच्या बागेत." "पेंग्विनजवळ?" पार्थचे डोळे असे चमकले की मला त्याच क्षणी भायखळ्याला जावंसं वाटलं.

संध्याकाळी हँगिंग गार्डन आणि समोरच्या कमला नेहरू पार्कात गेलो. म्हातारीच्या बुटात मुलं चढली, उतरली, पुन्हा चढली. हँगिंग गार्डनच्या हिरवळीखाली पाण्याचा मोठा साठा आहे हे सांगितल्यावर सई जमिनीला कान लावून बसली. वरून चौपाटीचा दिव्यांचा अर्धगोल दिसला आणि समुद्राचाही हट्ट पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भायखळा गाठलं. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, बुधवारी बागही बंद असते आणि शेजारचं संग्रहालयही. आम्ही मंगळवारी गेलो.

ही बाग 1862 मध्ये लोकांसाठी खुली झाली. व्हिक्टोरिया गार्डन म्हणून राणीची बाग. आता नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला राणीबागच कळते. पेंग्विन आधी पाहिले, दुसरा इलाजच नव्हता. हे हंबोल्ट पेंग्विन 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. त्यांचं मूळ घर मात्र पेरू आणि चिलीचा किनारा. बर्फातले नसूनही मुंबईचा उकाडा त्यांना सोसत नाही, म्हणून थंड केलेल्या दालनात काचेआड ठेवलेत. एक जण पाण्याखालून सरळ काचेपर्यंत आला, पार्थच्या नाकासमोर थांबला आणि वळून गेला. त्यानंतर बराच वेळ पार्थ बोललाच नाही.

माझ्यासाठी मात्र ही बाग झाडांची आहे. गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्यापुढे चौघांनी हात पसरून पाहिले. कैलासपतीच्या थेट खोडावर लगडलेली तोफगोळ्यांसारखी फळं पाहून सई म्हणाली, "हे झाड आपल्या शाळेत हवं होतं." ही झाडं वाचावीत म्हणून मुंबईच्या सामान्य नागरिकांनी वर्षानुवर्षं झगडा दिला आहे. प्राण्यांच्या पिंजऱ्यांपुढे रेटारेटी चाललेली असताना या सावलीत कुणीच थांबत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलांना घेऊन जाल तेव्हा निदान पाच झाडांची नावं त्यांना सांगा.

आणि मग स्वार सापडला. पार्थला वाटलं होतं की नुसता माणूसच दिसेल, घोडा तर तिकडे राहिला. राजा त्याच्या जुन्या घोड्यावर बसलेलाच पाहून तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "म्हणजे दोन घोडे आहेत! मग तिकडच्यावर आपण बसू शकतो."

शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते या हत्तीवरून. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे 1914 मध्ये ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. आईनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सांध्यांकडे बोट दाखवत म्हणाली, "मोडला म्हणूनच राहिला गं आपल्याकडे."

हे संग्रहालय 1872 चं, मुंबईतलं सर्वांत जुनं. ते उभं राहावं म्हणून नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी खस्ता खाल्ल्या. गोव्यातल्या मांद्र्याचे भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. कुष्ठरोगावर औषध शोधायची त्यांची धडपड, अजिंठ्याच्या शिलालेखांचा अभ्यास, आणि त्यातून हे. संग्रहालय उघडल्यावर दोनच वर्षांत ते गेले. त्यांचं नाव इमारतीला मिळालं 1975 मध्ये.

आत हिरव्या-सोनेरी खांबांमध्ये मातीच्या छोट्या बाहुल्या आहेत. जातीजमातींचे पोशाख, पगड्या, धंदे, जुने खेळ. इथं मुलांना काही समजावून सांगावं लागत नाही, सगळं त्यांच्या डोळ्यांच्या उंचीचं आहे. सई वहीत पगड्या काढत बसली. मी मुंबईच्या मूळ सात बेटांच्या जुन्या नकाशापुढे उभी राहून आम्ही कुठून कुठं आलो ते शोधलं. कालची चौपाटी, आजचं भायखळा, मधली भर घातलेली जमीन.

विज्ञान केंद्र आणि तारांगण राहिलं. मेच्या सुट्टीत त्याच्यासाठी वेगळा दिवस काढणार आहे.

परतीच्या गाडीत इगतपुरी येईपर्यंत पार्थ झोपला. सईनं वही आजीपुढे धरली. पगड्यांच्या शेजारी तिनं लाकडी कमानी काढल्या होत्या आणि एका कमानीखाली दोन वेण्या घातलेली मुलगी. आईनं पेन मागून घेतलं आणि त्या मुलीच्या हाताजवळ पाच छोटे गोल काढले, सागरगोट्यांचे.