सकाळी शिकवायचं, रात्री वाजवायचं

जुलै, तिसरा आठवडा

वर्बियेचा महोत्सव सुरू झाला. स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, सुमारे १५०० मीटर उंचीवरचं हे गाव एरवी बर्फातल्या खेळांसाठी ओळखलं जातं. १९९४ पासून मात्र जुलैच्या मध्यापासून पुढे तिथे संगीतच संगीत. मार्टिन एंगस्ट्रोम यांनी उभा केलेला हा महोत्सव नुसत्या मैफलींचा नाही, त्याच्या जोडीला तरुण वादकांची अकादमी चालते. सकाळी एखादा नामवंत पियानोवादक श्रोत्यांसमोर विद्यार्थ्याला शिकवतो आणि त्याच आठवड्यात गावातल्या चर्चमध्ये किंवा मोठ्या सभागृहात स्वतः वाजवतो. इथे मुंबईत पाऊस कोसळत असताना त्यातलं बरंच काही घरबसल्या पाहता येतं, हे आपलं भाग्यच.

अशा शिकवणीची मोठी परंपरा एकोणिसाव्या शतकातला पियानोवादक आणि संगीतकार फ्रांझ लिस्ट याच्यापासून येते. १८६९ पासून १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो दरवर्षी काही महिने जर्मनीतल्या वायमारला राहायचा. आठवड्यातून दोन-तीन दुपारी घरात वर्ग भरायचा. विद्यार्थी आपापली नोटेशनं पियानोवर ठेवायचे, लिस्ट त्यातलं एक उचलायचा आणि ज्याचं असेल त्यानं सगळ्यांदेखत वाजवायचं. फी नाही. बोटांचे व्यायाम तो तिथे घ्यायचा नाही, ते घरी करून यायचं. गोलरिख नावाच्या शिष्यानं शेवटच्या वर्षांतल्या या वर्गांची रोजनिशी ठेवली, म्हणून कुणी काय वाजवलं हे आज कळतं. एकाला सांगितलेलं दहाजणांनी ऐकायचं, हा आजच्या मास्टरक्लासचा पायाच आहे.

फरक वेळेचा. आज विद्यार्थ्याच्या वाट्याला साधारण पाऊण तास येतो. त्यानं बेथोवेनच्या ‘वाल्डस्टाइन’ सोनाटाचा पहिला भाग आणला, तर वाजवण्यातच दहा-अकरा मिनिटं गेली. उरलेल्या वेळात दहा सूचना दिल्या तर एकही टिकत नाही, समोर बसलेले दोन-तीनशे लोक वेगळेच. चांगला शिक्षक एक किंवा फार तर दोन गोष्टी धरतो आणि त्या तिथेच बदलून दाखवतो.

वाल्डस्टाइनच्या सुरुवातीचंच बघा. खालच्या सप्तकात तोच स्वरसमूह जलद, पण अगदी हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. बहुतेकांचा घोटाळा एकच: प्रत्येक वेळी हात पट्टीवरून उचलला जातो. पट्टी पूर्ण वर येते, परत पूर्ण खाली जाते, आणि आवाज ठोकल्यासारखा, असमान निघतो. उपाय असा की बोटं पट्टीला चिकटलेली ठेवायची आणि पट्टी अर्धीअधिकच वर येऊ द्यायची. आजच्या ग्रँड पियानोत तारेवर आपटणारी हातोडी अर्ध्या वाटेतूनच पुन्हा मारायला तयार होते. ही सोय एरार या पियानो बनवणाऱ्यानं १८२१ मध्ये आणली. सोनाटा १८०३-०४ मधला, म्हणजे बेथोवेनला ती नव्हती, आपल्याला आहे. मनगट सैल, हालचाल दोन-चार मिलिमीटरची. हे विद्यार्थ्याला शब्दांत पटत नाही. शिक्षकानं शेजारच्या पियानोवर चार बार (तालाचे छोटे खंड) वाजवून दाखवले की दोन मिनिटांत येतं.

शेवटच्या भागातली अडचण उजव्या पेडलची, म्हणजे पायानं दाबल्यावर स्वर घुमत ठेवणाऱ्या पेडलची. डावा हात खालचा ‘सी’ वाजवून उजव्या हातावरून पलीकडे जातो आणि वर धून वाजवतो. त्या खालच्या स्वरापासून कितीतरी बार पेडल सोडू नका असं बेथोवेननं लिहून ठेवलं आहे. त्या काळच्या पियानोचा नाद लवकर विरायचा, आजचा विरत नाही. पूर्ण दाबून ठेवलं तर चिखल होतो, आणि प्रत्येक बारला बदललं तर खालचा ‘सी’ मरतो, सगळी जादू जाते. मधला मार्ग म्हणजे पेडल पूर्ण न सोडता क्षणभर जरासं वर घ्यायचं. डॅम्पर, म्हणजे तारांचा आवाज बंद करणाऱ्या गाद्या, तारांना निसटते टेकतात, वरच्या पातळ तारांचा आवाज ओसरतो, खालच्या जाड तारेचा राहतो. किती वर घ्यायचं हे त्या दिवशीचा पियानो आणि ती खोली ठरवते. म्हणून अनोळखी पियानोवर बसताना दहा मिनिटं मिळाली तर ती अवघड जागा घोकण्यात घालवू नयेत. पेडल सावकाश दाबत डॅम्पर नेमके कुठे उठतात ते बघावं, सर्वांत हळू स्वर कुठवर बोलतो ते बघावं, आणि डाव्या पेडलनं आवाजाचा रंग किती बदलतो ते ऐकावं.

त्याच भागात पुढे एका सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकदम दाबून बोटं पट्ट्यांवरून घसरवत न्यायची जागा आहे. तेव्हाच्या व्हिएन्नाच्या पियानोंच्या पट्ट्या हलक्या आणि उथळ. आज पट्टी जवळजवळ १० मिलिमीटर खाली जाते आणि तिला सुमारे ५० ग्रॅम वजन लागतं. जोर लावला की कातडी सोलवटते. कोणी ती दोन हातांत वाटून घेतं, कोणी मनगटातून सुटे स्वर वाजवतं. माझ्या मते लय आणि हळू आवाज टिकतो तो मार्ग बरोबर, घसरण्याचा हट्ट नको.

आता पियानोंबद्दल, कारण महोत्सव खरा त्यांच्यावर चालतो. मोठा कॉन्सर्ट ग्रँड २७४ सेंटिमीटर लांब, ४८० किलोच्या आसपास, आणि तारांचा एकूण ताण सुमारे २० टन. हवेत ओल वाढली की तारांखालच्या, नाद वाढवणाऱ्या फळीचं (साउंडबोर्डाचं) लाकूड फुगतं, तारांना वर ढकलतं आणि स्वर चढतो, मधल्या सप्तकांत जास्त. कोरड्या हवेत उलटं. मंचावरच्या दिव्यांनी तारा तापल्या की स्वर उतरतो. म्हणून ट्यूनर, म्हणजे पियानो सुरात लावणारे, मैफलीचे दिवे लावून, झाकण उघडं ठेवून, तास-दीड तास काम करतात. मास्टरक्लासला दोन पियानो लागतात आणि दोघांचा स्वर नेमका एक हवा. शिक्षकाचा पियानो किंचित उतरलेला असेल तर विद्यार्थी नाद ऐकतच नाही, फरकच ऐकत बसतो. २००३ मध्ये वर्बियेच्या दहाव्या वर्षी एका मंचावर आठ पियानो मांडले होते, वाजवणाऱ्यांत आर्गेरिख, किसिन, प्लेटन्योव्ह, लांग लांग, आन्स्नेस. तिथे ट्यूनरांनी काय मेहनत घेतली असेल!

फ्रान्समध्ये ला रोक दांतेरोनच्या पियानो महोत्सवात तर मैफल बागेतच, चिनारांच्या आणि सिकोयांच्या सावलीत. दिवसा रातकिड्यांसारखे सिकाडा कर्कश ओरडत असतात, अंधारासोबत ते थांबतात, पण हवेत गारवा आणि ओल उतरते. संध्याकाळी लावलेला पियानो रात्री तसाच राहील याची खात्री नाही. मुंबई-गोव्यात पावसाळ्यात पट्टी दाबली की वरच येत नाही, त्याचं कारणही तेच: पट्टीला जागेवर धरणाऱ्या खिळीभोवतीचा नमदा ओलीनं फुगतो. पट्टी ओढूनताणून हलवू नये आणि तेल तर कधीच घालू नये. खोलीतली ओल ५० टक्क्यांच्या आसपास आणावी आणि नमद्याचं काम ट्यूनरकडून करून घ्यावं.

शिकवून वाजवणाऱ्याच्या शरीराचा विचार आयोजक कमी करतात असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तीन तास शिकवायचं म्हणजे मान वळवून बसणं, न तापलेल्या हातांनी एकदम अवघड जागा वाजवून दाखवणं, आणि सतत ऐकून कान थकवणं. त्यावर मंचावरचा पियानो सरावाला जेमतेम तास-दोन तास, तोही बऱ्याचदा आडवेळी. रात्री जे वाजवायचं तेच सकाळी शिकवू नये. दुसऱ्याच्या चुका हातात शिरतात.

तरीही ज्याला रात्री वाजवायचं आहे त्यानंच सकाळी शिकवावं. पट्टीचं वजन, खोलीतला नाद, पेडलची जागा हे त्याच्यासाठी त्याच दिवसाचे प्रश्न असतात, आणि विद्यार्थ्याला उत्तरंही त्याच दिवसाची मिळतात. वेळापत्रकात फक्त एवढं करावं: मैफलीच्या दिवशी शिकवणी दोन विद्यार्थ्यांपुरती, दुपारी बारापर्यंत, आणि आदल्या दिवशी मंचावरच्या पियानोवर सलग तीन तास.