कोट्टक्कलचा पाऊस आणि चेचीचा हात

नेत्रावती एक्सप्रेसने तिरूरला उतरून केरळातलं कोट्टक्कल गाठलं तेव्हा पाऊस नुसता कोसळत होता. मल्याळी पंचांगातला हा कर्किडक महिना, अंगाला तेल लावून घ्यायचा खास काळ. पी. एस. वारियर यांनी १९०२ मध्ये आर्य वैद्यशाळा काढली ते हेच गाव. मी मात्र जवळच्याच एका छोट्या चिकित्सालयात उतरले होते.

मालिशीसाठी झोपायची लाकडी द्रोणी, कोमट तेल आणि दोन बाजूंना मालिश करणाऱ्या दोघी चेची, म्हणजे मल्याळीत ताई. दोघींचे हात एका लयीत खांद्यापासून मनगटापर्यंत यायचे, तेही इतके सावकाश की सुरुवातीला मला चुळबुळ होत होती. दात आवळलेले, लक्ष घड्याळाकडे. मग कधीतरी जबडा सुटला, तळपाय गरम झाले आणि पोट मोठ्याने गुडगुडायला लागलं. थोरली चेची हसून म्हणाली, "अच्छा है, अच्छा है!"

ती खूण खरीच चांगली. आपण ताणाखाली असतो तेव्हा अनुकंपी चेतासंस्थेचा जोर असतो. नाडी वाढते, पचन मागे पडतं. तो जोर ओसरून परानुकंपी चेतासंस्था पुढे आली की नाडी उतरते, आतडी हलू लागतात. हे हळुवार हाताने का घडावं? आपल्या लव असलेल्या त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार स्पर्शाला ते सर्वांत जास्त दाद देतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात माणसांच्या मज्जातंतूंत सुई घालून त्यांचे संदेश टिपले. कुठे स्पर्श झाला हे सांगणं त्यांचं काम नव्हे. तो सुखाचा आहे, हे ते मेंदूला कळवतात. चेचीचा हात नेमका त्याच चालीने फिरत होता.

म्हणूनच पुढे बॅकवॉटरकाठच्या एका रिसॉर्टमध्ये भरपूर पैसे मोजून जे मिळालं त्याचा मला अजून राग येतो. कानाशी बासरीची टेप, खसाखसा रगडणं, आणि वेळ संपताच दारावर टकटक. अंग दुखलं, झोप आली नाही. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घालणारी आजीसुद्धा तेल जिरेपर्यंत थांबते.

मानेचं जुनं दुखणं कोट्टक्कलनेही गेलं नाही, त्याला व्यायामच हवा. पण चेचीने उठू न देता चादर पांघरून तसंच पडू दिलं, त्या दुपारी मी जेवणाची घंटा होईपर्यंत गाढ झोपले. जाणार असाल तर त्याच दिवसाचं परतीचं तिकीट काढू नका.