करकरणाऱ्या फळ्या

आमच्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची आहे. रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला उठले की ते खालच्या खोलीतल्यांनाही कळायचं. पलंगापासून जिन्यापर्यंत अकरा पावलं, त्यातली सात करकरणारी. कुठलं पाऊल कुठे टाकायचं हे मला अंधारातही पाठ झालं होतं.

आधी मी तेल घातलं. बिजागरी करकरली की आपण तेलच सोडतो ना, मग इथेही तेच. शिवणयंत्राचं तेल फटीत सोडलं. लाकडानं ते पिऊन टाकलं, काळपट डाग पडला, डागावर धूळ चिकटली आणि चार दिवसांत आवाज जसाच्या तसा. (तो डाग घासूनही गेला नाही. सध्या त्यावर सतरंजी आहे.) नंतर टाल्कम पावडर भुरभुरवून ब्रशनं फटीत ढकलली. ती त्यामानानं बरी. दोन ठिकाणी फळीची कड शेजारच्या फळीला घासत होती, तिथला आवाज खरंच थांबला. पण महिनाभरच, आणि बाकी पाच पावलं होतीच.

शेवटी ओळखीच्या सुतारकाकांना विचारलं. त्यांनी एका फळीवर टाच दाबली, उचलली, पुन्हा दाबली. म्हणाले, "ताई, फळी खिळ्यावर नाचतेय. तिला तेल पाजून काय होणार?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. वर्षानुवर्षं हे चाललं की खिळ्याभोवतीचं भोक सैल होतं. खालची तुळईही वाळून थोडी बसते आणि तुळई नि फळी यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट पडते. पाय पडला की फळी खिळ्याच्या दांड्यावरून खाली सरकते, पाय उचलला की वर येते. आपल्याला ऐकू येतं ते हे घासणं.

दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला तो नेमकी जागा शोधण्यात. लाकडातून आवाज लांबवर जातो, त्यामुळे कानावर विसंबलं की हमखास फसगत. खालच्या अडगळीच्या खोलीला छत ठोकलेलं नाही, तुळया उघड्याच दिसतात. धाकटा भाऊ तिथे शिडीवर टॉर्च घेऊन उभा राहिला आणि मी वर चालत राहिले. "ताई, थांब. आता टाचेवर जोर दे. नाही, हातभर मागे." मी जिथे खडूनं फुली मारली होती, तिथून दीड फूट लांबची फळी हलत होती. माझ्या सातांपैकी चार फुल्या चुकीच्या निघाल्या. आणखी एक गोष्ट खालूनच दिसली. एका तुळईला वरून खाच मारून विजेची वायर अगदी फळीच्या पोटाला लागून नेलेली होती. वरून अंदाजानं स्क्रू मारला असता तर? त्या जागेवर मी लाल खडूनं मोठं वर्तुळ काढलं.

अडगळीच्या खोलीवरचा भाग खालूनच दुरुस्त केला. फट लहान होती तिथे पातळ पाचर, दोन्ही बाजूंना लाकूड चिकटवायचा गोंद लावून. पाचर बोटानं जाईल तेवढी सरकवायची आणि वर हातोडीची एक हलकी टिचकी. भावानं पहिलीच पाचर जोरात ठोकली. फळी वर उचलली गेली आणि शेजारची, जी आजवर कधी बोलली नव्हती, ती करकरायला लागली. ती पाचर पटाशीनं तासून काढण्यात अर्धा तास गेला. फट लांबवर होती तिथे पाचरी लावल्या नाहीत. तुळईच्या कुशीला लाकडी पट्टी गोंद लावून स्क्रूनं आवळली, तिची वरची कड फळीच्या पोटाला घट्ट टेकवून.

उरलेल्या भागाखाली छत ठोकलेलं आहे, म्हणून तिथे वरूनच काम. खिळ्यांची डोकी एका रेषेत दिसतात, ती रेष म्हणजे खाली तुळई. जुने खिळे उपटले नाहीत, डोक्यावर पंच (खिळा आत ठोकायची बोथट लोखंडी सळई) ठेवून थोडे आत बसवले. फळी २० मिमी जाडीची, म्हणून स्क्रू ५० मिमीचे घेतले, म्हणजे तुळईत ३० मिमी जातात. त्याहून लांब घ्यायचं काही कारण नव्हतं, आणि त्या वायरनंतर धाडसही नव्हतं.

पहिला स्क्रू मी आरपार एकाच बारीक भोकात पिळला. छान आवळला गेला, हाताला गच्च लागला, आणि करकर कायम. स्क्रूचे आटे फळीतही धरतात आणि तुळईतही, त्यामुळे मधली फट मिटत नाही. आहे तशीच जखडली जाते. मग तो काढून फळीतलं भोक स्क्रू सहज सरकेल इतकं मोठं केलं, तुळईतलं बारीकच ठेवलं आणि वरच्या तोंडाला डोकं बुडेल एवढा खळगा केला. आता पिळताना फळी खाली ओढली जाताना दिसली. शेवटच्या दोन वेढ्यांत जुन्या खिळ्याशेजारून चिमूटभर भुसा वर आला. टाचेनं दाबून पाहिलं, आवाज नाही. भावाला हाक मारून त्यालाही उभं केलं, तरी नाही. पुढचे चौदा स्क्रू एका दुपारीत झाले. डोक्यांवर त्याच लाकडाचा भुसा गोंदात कालवून भरला, वाळल्यावर घासला.

इथे थांबायला हवं होतं. पण हात शिवशिवत होते आणि मिश्रण उरलं होतं, म्हणून फळ्यांमधल्या फटीही भरून टाकल्या. दिवस कडक उन्हाळ्याचे, फटी पुरत्या उघडलेल्या. पाऊस सुरू झाला, फळ्या फुगल्या आणि फटींत भरलेलं सगळं कडक होऊन वर निघालं. पायाला रेघा लागायला लागल्या, दोन ठिकाणी फळीची कडही दबून पिचली. गेल्या रविवारी गुडघे टेकून पटाशीनं एकेक फट मोकळी करत बसले होते. तीन झाल्या, नऊ राहिल्यात.