टेक्ससचा म्हातारा आणि आमचे नोटरीकाका

शनिवार, रात्री साडेदहा

फोंड्याच्या स्टँडवर उतरले तेव्हाच छत्री उलटली. वहिनींच्या सोप्यावर पोचेपर्यंत सलवार पोटरीपर्यंत भिजलेली, आणि चर्चा माझ्याविना सुरूही झालेली. अळसांद्याचं तोणाक आणि पाव मात्र झाकून ठेवले होते. वाचनकट्ट्याचा खरा आधार तोच.

या वेळी पुस्तक निवडायची पाळी वहिनींच्या नातीची. अकरावीतली पोर. तिनं आमच्या हातात जेनिफर लिन बार्न्सचं ‘द इनहेरिटन्स गेम्स’ ठेवलं. २०२० सालचं इंग्रजी पुस्तक, किशोरांसाठी लिहिलेलं. मी आधी नाक मुरडलं होतं. मग दोन रात्रींत संपवलं, हे आज कुणाला सांगितलं नाही.

गोष्ट अशी. टेक्ससमधला टोबायस हॉथॉर्न हा अब्जाधीश मरतो आणि ४६.२ अब्ज डॉलरची जवळजवळ सगळी इस्टेट एव्हरी नावाच्या परक्या शाळकरी मुलीला देऊन जातो. अट एकच: तिनं त्याच्या प्रचंड वाड्यात वर्षभर राहायचं. वाड्यात गुप्त वाटा, कोडी, आणि म्हाताऱ्याचे चार देखणे नातू. काल-परवापर्यंत पैसे मोजून जगणाऱ्या पोरीमागे एकदम अंगरक्षक, खासगी विमान, केस-कपडे बघायला माणसं. प्रकरणं इतकी छोटी की ‘हे एक संपवून झोपू’ म्हणता म्हणता दीड वाजतो. दोन भावांमध्ये तिचं जे हेलकावे खाणं चालतं, त्याचा मला कंटाळा आला. नातीला तोच भाग सगळ्यात आवडला. सोळाव्या वर्षी मलाही आवडला असता.

नोटरीकाका (नोटरीच्या कचेरीत जन्म गेला, म्हणून हे नाव) इतका वेळ गप्प होते. पाव संपवून हात पुसला आणि म्हणाले, “हें गोंयांत जावंकच शकना.”

का, तर इथं बापाला पोरांना असं उघड्यावर टाकता येत नाही. पोर्तुगिजांच्या १८६७ च्या नागरी संहितेपासूनचा नियम आहे, आता तो २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यात आहे: मुलं असतील तर मृत्युपत्रानं फार तर अर्धी मालमत्ता हवी त्याला देता येते. उरलेली अर्धी मुलांची, मुलगा असो की मुलगी. काका त्याला अजून ‘लेजितिमा’च म्हणतात, जुन्या मैत्रिणीचं नाव घ्यावं तसं.

“बायल?” त्यांनी विचारलं.

“ती आधीच वारलीय,” नात म्हणाली.

“तेन्ना इन्व्हेंटरी केल्ली?”

इन्व्हेंटरी म्हणजे माणूस गेल्यावर वारसांमध्ये होणारी मालमत्तेची कोर्टातली वाटणी. सोपा हसून हसून कोसळायचा बाकी होता. पण काका गंभीर. लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता एक होते, म्हणजे अर्धी मुळातच बायकोची. राहिले २३.१ अब्ज. त्यातले अर्धे मुलांचे. एव्हरीला ११.५५. “तितले पावतात तिका,” असं म्हणून त्यांनी निकाल दिला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, वर्षभर घरात राहिली म्हणजे ती मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर राहणारं, कायद्यानं संरक्षण असलेलं कूळ) झाली, आता भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, नातवंडं तिला काढून दाखवू देत! मग तिचं नाव एक-चौदाच्या उताऱ्यावर (आमचा सातबारा) कसं चढवायचं यावर पाच मिनिटं गेली. पुस्तक बिचारं बाजूला पडलं.

मला मात्र त्या दोन मुलींबद्दल बोलायचं होतं. झारा आणि स्काय. म्हाताऱ्यानं एकीला लग्नातली अंगठी ठेवली, दुसरीला होकायंत्र. कादंबरीत त्या दोघी कडवट, हावऱ्या दिसतात आणि वाचणाऱ्याला त्यांची कीव येत नाही. लेखिकेला कोड्यासाठी कुणीतरी वाईट लागणारच, ते कळतं. तरी मी म्हटलं, बापाच्या वकिलासमोर बसून आपल्या वाट्याला एक अंगठी आली असं ऐकणाऱ्या बाईनं कसं दिसायला हवं होतं? गोड?

माझा आवाज जरा चढला असावा. नातीनं वर बघितलं. “मावशी, आणि तुला काय मिळालं?”

तिला काय ठाऊक. तिच्या लेखी इथं सगळ्या मुलींना अर्धं मिळतंच, आत्ताच तर काकांनी सांगितलं.

२०१८ साली, बाबा गेल्यावर सातव्या महिन्यात, मी हक्कसोड करून दिली. इथं नवऱ्यालाही सही करावी लागते, म्हणून ह्यांनीही अर्धा दिवस रजा काढली होती. कागद वाचला नाही. दादा म्हणाला नव्हता की सही कर. म्हणायची गरजच पडली नाही, सगळ्या बहिणी करतात. चौकीचं घर, मागची नारळीची झाडं, विहीर, सगळं त्या पाच पानांत होतं. बाहेर आल्यावर दादानं आम्हाला चहा पाजला. चवथीला गणपतीवरच्या फळाफुलांच्या माटोळीखाली माझं पान आजही पहिलं वाढतात, हेही खरं. कायद्यानं दिलेलं कुणी हिसकावून घेतलं नाही. मीच दिलं. काका ऐकत होते. त्यांच्या हाताखालून असे किती कागद गेले असतील! ते पावाचे कण गोळा करत राहिले.

“आदोळी,” मी म्हटलं. “आईची विळी. पितळेची खवणी असलेली.”

“अंगठी, होकायंत्र, आदोळी,” नात बोटं मोजत म्हणाली. “मावशी, यात क्लू असणार.”

पुढच्या महिन्यात दुसरा भाग घ्यायचं ठरलं. घरी आल्यावर आदोळी उलटी करून पाहिली. खाली आईच्या माहेरचं आडनाव कोरलेलं आहे. इतकी वर्षं मी तिच्यावर बसून नारळ खवतेय.