मे महिन्यातलं तीर्थन: फ्लाय फिशिंगसाठी जाणाऱ्यांना काही सूचना

तीर्थन ही हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली नदी, आणि फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला खऱ्या माशाऐवजी किड्यासारखी दिसणारी नकली ‘फ्लाय’ लावून मासा पकडणं. हिमाचलात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाचा हंगाम मार्चपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नदी मासेमारीला बंद, कारण तो विणीचा काळ. जाणकार सांगतात, एप्रिलच्या आत या नाहीतर सप्टेंबरनंतर या. सल्ला बरोबर आहे, पण मुलांच्या शाळा आणि ऑफिसच्या रजा बघता आपण पुण्या-मुंबईची माणसं मोकळी होतो ती मे महिन्यात. आम्हीही यंदा मे महिन्यातच गेलो. मे वाया जात नाही, हे आधी सांगतो. मात्र या दिवसांत बर्फाचं पाणी किती वाजता येतं त्यावर सगळं ठरतं, आणि ती वेळ सांभाळली नाही तर दिवसभर रॉड फिरवून हात तेवढे दुखतात.

पोचायला सोपं आहे. चंदीगडपर्यंत विमान किंवा रेल्वे, तिथून मनालीकडे जाणारी बस. मनालीपर्यंत मात्र जायचं नाही. औटच्या बोगद्यापाशी उतरायचं. पुढे लारजीवरून बंजार आणि बंजारहून गुशैणी. औटला टॅक्सी मिळते, लोकल बसही आहे. पैसे बंजारलाच काढून घ्या. रॉड चार तुकड्यांचा असेल तर नळीसकट मोठ्या बॅगेत बसतो. हुक आणि कात्री केबिन बॅगेत ठेवू नका, विमानतळावर काढून घेतात.

गुशैणीला तीर्थनमध्ये फलाचन खड्ड (डोंगरी ओढा) येऊन मिळते. आम्ही या संगमाच्या वर-खाली फिरत राहिलो. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान आहे, २०१४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेलं. तीर्थन उगम पावते ती या उद्यानातच, आणि खाली लारजीला बियासला मिळेपर्यंत तिला कुठे धरण आडवं येत नाही. हे आपोआप झालेलं नाही. बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब आणि इथले गावकरी जलविद्युत प्रकल्पांच्या विरोधात उभे राहिले, म्हणून ही नदी अजून मोकळी वाहते. हिमाचलातल्या बाकीच्या नद्यांची अवस्था पाहिली की याची किंमत कळते. तीर्थनमध्ये गळ टाकताना एवढं तरी लक्षात असावं.

आता मुख्य गोष्ट. वरच्या डोंगरांवर ऊन पडतं, बर्फ वितळतं, पण ते पाणी गुशैणीपर्यंत यायला काही तास लागतात. त्यामुळे पहाटे नदी सगळ्यात खाली असते आणि पाणी स्वच्छ असतं. दुपारी ती हळूहळू चढते, रंग दुधट हिरवा होतो, आणि सकाळी कोरडे असलेले दगड चार वाजेपर्यंत पाण्याखाली जातात. पाण्यात थर्मामीटर धरला तर सकाळी ९ अंशांच्या आसपास, उन्हं खोऱ्यात उतरल्यावर ११-१२. ट्राउटला थंड पाणी हवं असतं, पण फार गार पाण्यात ती सुस्त राहते. म्हणून अगदी उजाडता उठून धावण्यात अर्थ नाही. चहा-नाश्ता करून नवाच्या सुमाराला पाण्यावर जा आणि एक-दीडपर्यंत मन लावून फिरा. आम्हाला मिळालेले जवळजवळ सगळे मासे या वेळातले. दुपारी जेवून झोपा. संध्याकाळी पाणी फार चढलं नसेल तर दिवेलागणीला कडेकडेने पुन्हा तासभर मिळतो.

एक खूण उपयोगी पडली. दुपारी वर कुठे वादळी पाऊस झाला की फलाचन चॉकलेटी होऊन येते, पण संगमाच्या वर तीर्थन कधीकधी स्वच्छच असते. तेव्हा संगमापाशी उभं राहून दोन्ही पाण्यांचे रंग बघा आणि स्वच्छ पाण्याच्या बाजूने वर जा. उलटही होतं. दोन्ही गढूळ असतील तर रॉड आवरून जवळच्या जिभी गावाला फिरायला जावं, हे उत्तम.

कुठली फ्लाय लावायची, ते नदीला विचारावं. गुडघाभर पाण्यातला एक गोटा उचलून उलटा करा. खालच्या बाजूला चपट्या अंगाचे, तीन शेपट्यांचे किडे सरपटताना दिसतील. ती मेफ्लायची पिल्लं. दोन जाड शेपट्या असतील तर स्टोनफ्लाय. आणि दगडाला चिकटलेली, वाळूचे बारीक कण एकमेकांना जोडून केलेली नळी दिसली तर आत कॅडिस आहे. नखाने जरा दाबलं की हिरवट अळी डोकं बाहेर काढते. मी उचललेल्या गोट्यांवर मेफ्लाय सगळ्यात जास्त होत्या, म्हणून फेजंट टेल आणि हेअर्स इअर, १४ आणि १६ नंबरच्या, मण्याच्या डोक्याच्या निम्फ (पाण्याखालच्या पिल्लांसारख्या दिसणाऱ्या फ्लाय) लावल्या. पाणी वेगवान असतं, त्यामुळे वजन हवंच. हलकी निम्फ तळाला पोचायच्या आत वाहून जाते. पाण्यावर तरंगणारी ड्राय फ्लाय संध्याकाळसाठी ठेवा, एल्क हेअर कॅडिस पुरेशी आहे. नऊ फुटी, ४ किंवा ५ वजन-क्रमांकाचा रॉड, तरंगणारी लाइन, ४एक्स टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक दोरा). स्वच्छ पाण्यात त्याहून बारीक, ५एक्स. सगळं इथूनच न्या, तिथे दुकानात मिळेल या भरवशावर राहू नका.

मे महिन्यात मधली धार विसरा. तिथे पाण्याला इतका जोर असतो की मासा थांबतच नाही. मोठ्या दगडामागचं शांत पाणी, काठालगतचा हातभर रुंदीचा पट्टा आणि वेगवान-संथ पाण्याचा सांधा, एवढ्याच जागा धरा. खालून वर चढत जायचं, कारण ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभी असते आणि मागून येणारा माणूस तिला दिसत नाही. लाइन लांब फेकायची (कास्ट करायची) गरज नाही. रॉड उंच धरून लाइन पाण्यापासून वर ठेवायची, निम्फ प्रवाहाच्याच वेगाने येऊ द्यायची आणि लाइनचं टोक जरा अडखळलं की उचलायचं. कोकणात लहानपणी गरवलेल्यांना हे पटकन जमतं. बोटांना झटका कळण्याची सवय आधीच असते.

नागिनीजवळ एका मोठ्या दगडामागे मला या प्रवासातला सर्वांत देखणा मासा लागला. ब्राउन ट्राउट, वीतभरापेक्षा थोडी मोठी, पोट लोण्यासारखं पिवळं, अंगावर काळे ठिपके आणि मधे फिकट कड्यांतले लाल. हात ओला करून, पाण्यातच धरून, हुक काढला. काही क्षण ती प्रवाहाकडे तोंड करून हातात थांबली आणि मग निसटली.

ही मासळी मूळची इथली नव्हे. काश्मीरमधून अंडी आणून १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात ती वाढवली गेली आणि इथल्या थंड पाण्यात रुजली. आज गेस्ट हाउसच्या ताटात येणारी ट्राउट बहुधा शेततळ्यातली रेनबो असते. ती खुशाल खा, मोहरीच्या तेलात तळलेली फार छान लागते. नदीतली ब्राउन मात्र सोडून द्या. परवान्यावर किती मासे ठेवता येतात ते लिहिलेलं असतं, पण नियमाने परवानगी आहे म्हणून ठेवायलाच हवेत असं नाही. जुलै २०२३ च्या पुराने बियास खोऱ्यातल्या नद्यांची पात्रं उलथून टाकली. पुढच्या हिवाळ्यात अंडी घालायला मोठे मासे शिल्लक राहायला हवेत. हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून घ्या, मासा सोडताना जखम कमी होते.

तळ्यांबद्दल विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात: काश्मीरमधल्या गंगाबल, विशनसर या तळ्यांत ट्राउट आहे, पण मे महिन्यात वाटेतल्या खिंडींवर बर्फ असतं. तो बेत जुलैनंतरचा ठेवा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नदीच बरी.

सुरक्षेचं कळकळीने सांगतो. मांडीच्या वर पाण्यात जाऊ नका. हातात काठी आणि पायात पकड असणारे बूट हवेत. साध्या स्पोर्ट्स शूजने शेवाळलेल्या गोट्यांवर पाय टिकत नाही. सकाळी ओलांडलेली धार दुपारी ओलांडता येईलच असं नाही, म्हणून परतीचा काठ आधी ठरवा. आणि लारजीच्या खाली बियासच्या पात्रात अजिबात उतरू नका. जून २०१४ मध्ये तिथे धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादहून आलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी वाहून गेले. काठावरून पाणी शांत दिसतं, ते मिनिटांत चढतं.

परवाना मत्स्यविभागाचा, प्रत्येक रॉडला दिवसागणिक वेगळा, शुल्क किरकोळ. राष्ट्रीय उद्यानाच्या आत गळ टाकता येत नाही, तेव्हा परवाना नेमका कुठून कुठपर्यंतचा ते विचारून घ्या. गेस्ट हाउसवाले भाईजी मदत करतात, त्यांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवा, म्हणजे सकाळचे मोलाचे तास कार्यालयात जात नाहीत. तारीख हातात असेल तर मेचा पहिला पंधरवडा धरा. जून जसा पुढे सरकतो तसं बर्फाचं पाणी वाढतं आणि मागोमाग पाऊस येतो.