एप्सम सॉल्ट आणि ‘ग्राहक घरी नाही’

शाळेत दिवसभर उभं राहून टाचा ठणकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, रात्री कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय बुडवून बसा. बाथटब वगैरे आपल्याकडे कुठला? कपडे भिजवायचा टब घरात, गीझर घरात. घोडं अडलं ते मिठापाशी.

मेडिकलवाल्याने सैंधव पुढे केलं. ते सोडियम क्लोराइड. मला हवं होतं मॅग्नेशियम सल्फेट. माहेर तासगावकडचं, बागाईतदार. धाकट्याला फोन केला तर हसत सुटला, “ताई, ते आम्ही द्राक्षाला घालतो, पोतंच आणून टाकू का?” कृषी सेवा केंद्रात ते मिळतं हे खरं, पण ते खत. अंगाला लावायचं म्हणून कुणी तपासलेलं नसतं. शेवटी ऑनलाइन मागवलं.

आणि मग कुरिअर! मेसेज आला, ‘पार्सल आज येत आहे.’ रविवार होता, दार सताड उघडं ठेवून पुढच्याच खोलीत पेपर तपासत बसले. संध्याकाळी मेसेज, ‘ग्राहक घरी नाही.’ दुसऱ्या खेपेला ‘पत्ता अपूर्ण.’ विश्रामबागेतल्या याच पत्त्यावर लाइटबिल बरोब्बर येतं! कस्टमर केअरची बाई दर वेळी गोड आवाजात चोवीस तास मागून घ्यायची. अखेर शाळा सुटल्यावर थेट त्यांच्या ऑफिसात गेले. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, “गाडीवर आहे, मॅडम.” त्याच्या मागे टेबलफॅनला उंची कमी पडते म्हणून खाली खोका सरकवलेला. त्यावर माझं नाव.

“तो काय माझा खोका!” तरी देईना. म्हणे ओटीपी लागेल. ओटीपी कधी येणार? डिलिव्हरीवाल्याने बटण दाबल्यावर. तो कुठाय? मिरजेत. मी म्हटलं, लाव फोन. मिरजेतल्या पोराने तिथून बटण दाबलं, सांगलीत माझा मोबाइल वाजला, मग कुठे पंखा खाली उतरला. मागवताना पैसे आधी भरू नका, एवढं मी आता सगळ्यांना सांगते.

बाकी काही अवघड नाही. आठ-दहा लिटर कोमट पाणी, अर्धी वाटी मीठ, १५-२० मिनिटं. पाणी कोपराने बघायचं, चटका बसता कामा नये. नंतर पाय कोरडे पुसून खोबरेल. मीठ कातडीतून आत शिरतं याला भक्कम पुरावा नाही म्हणतात. माझ्या मते निम्मं काम कोमट पाण्याचं आणि उरलेलं गप बसण्याचं. पण झोप छान लागते, टाचाही सकाळी कमी बोंबलतात.

हो, डबा घट्ट लावा. या स्फटिकांत निम्मं वजन पाण्याचंच असतं, कोरड्या हवेत ते उडून वर पांढरी भुकटी धरते. मीठ बिघडत नाही, पण मग अर्ध्या वाटीपेक्षा थोडं कमी पुरतं. टाचेच्या भेगेतून रक्त येत असेल तर थांबा. आणि सासूबाईंना मी बसू दिलं नाही, रुसल्या तरी. त्यांना शुगर आहे, पायाला गरम-गार नीट कळत नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारणार.