पाच वर्तुळं, तीन विषाणू: वाळवलेल्या रक्ताच्या कार्डांची तीन दिवसांची फेरी

मुक्काम तीन: बेघरांचा रात्रनिवारा, सुया बदलून देणारं केंद्र आणि कारागृहाचा दवाखाना. शोध होता एकाच माणसात एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांपैकी दोन किंवा तिन्ही आहेत का याचा. फक्त सी तपासून गोळ्या सुरू केल्या आणि आत बी दडलेला असला, तर तो उसळून यकृतावर बेतू शकतं.

नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या शिरा अनेकदा सापडत नाहीत, म्हणून कार्ड: छापील पाच वर्तुळांचा जाड शोषक कागद, त्यावर बोटाचं रक्त घेऊन वाळवायचं. शिवाय रक्त गरगर फिरवून प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) वेगळा करणारं सेंट्रिफ्यूज यंत्र लागत नाही की बर्फाची पेटी.

रात्रनिवाऱ्यात पहाटे हात गार असतात. आधी कोमट पाण्यात धरायला सांगा, मगच मधलं बोट किंवा अनामिका घ्या. 70 टक्के अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. ओलं राहिलं तर रक्तपेशी फुटतात. लॅन्सेट (टोचायची छोटी सुई) बोटाच्या कडेला टोचा. पहिला थेंब पुसून टाका. बोट पिळू नका, पेशींच्या मधल्या जागेतलं पाणी मिसळून रक्त पातळ होतं. थेंब चांगला फुगून लोंबू लागला की कार्ड खालून वर आणा. थेंब कागदाला टेकावा, बोट नाही. वर्तुळ एका दमात भरलं पाहिजे. कार्ड उलटून पाहा: मागेही तेवढंच लाल दिसलं तर जमलं. अर्धवट ठिपक्यावर दुसरा थेंब चढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्याने थर बसतात आणि तपासणीसाठी ठिपक्यातून कापलेल्या चकतीत किती रक्त आलं याचा हिशेबच लागत नाही. त्यापेक्षा पुढचं वर्तुळ घ्या.

खरा घात वाळवताना होतो. कोरड्या हवेत कार्ड आडवं, कशालाही न टेकता 3 ते 4 तास पुरतं. दमट खोलीत रात्रभर ठेवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच. घाईत पिशवीत घातलेल्या कार्डांसोबतचा आर्द्रतादर्शक दुसऱ्या सकाळी निळ्याचा गुलाबी झालेला असतो. तसं दिसलं की सिलिका जेलच्या पुड्या लगेच बदला. दोन कार्डांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत, रक्त न शोषणारा) कागद घाला, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं.

रक्ताचं अंदाजपत्रक निघण्याआधीच मांडा. एका वर्तुळात साधारण 50 ते 75 मायक्रोलिटर रक्त मावतं, त्यात प्लाझ्मा जेमतेम निम्मा. नळीतल्या प्लाझ्माइतकी संवेदनशीलता त्यातून मिळणार नाही. बी चा डीएनए कमी असेल तर निसटतो. एचआयव्हीत उलटा घोळ: पेशींमध्ये दडलेला विषाणूचा डीएनएही मोजला गेला तर व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण) फुगतो. कार्डावर उपचार फसल्याची रेषा प्रति मिलिलिटर विषाणूच्या 1000 प्रतींवर धरतात. त्याखालच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नये. सी ची प्रतिपिंडं (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं) सापडली म्हणजे विषाणू आजही आहे असं नाही, त्यासाठी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, पाहावाच लागतो. आमची वाटणी अशी: एक वर्तुळ प्रतिपिंडं आणि बी च्या पृष्ठभाग प्रतिजनासाठी (विषाणूच्या आवरणावरचं प्रथिन), तीन न्यूक्लिक आम्लांसाठी (डीएनए-आरएनए), एक राखीव. प्लाझ्मासाठी बनवलेल्या किटचा कट-ऑफ (पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारी सीमा) कार्डाला तसाच लावू नका. माहीत असलेल्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुन्यांची कार्डं बनवून तो नव्याने ठरवा.

प्रयोगशाळेत दोन नमुन्यांच्या मध्ये चकत्या कापणारा पंच कोऱ्या कागदावर चालवा, नाहीतर आधीच्या रक्ताचे तंतू पुढच्या नळीत जातात. चकत्या ट्वीन (साबणासारखं द्रव्य) असलेल्या फॉस्फेट बफर द्रावणात 4 अंशांवर रात्रभर भिजवल्या की प्रतिपिंडं उतरतात. तपासायला उशीर असेल तर कार्डं उणे 20 अंशांवर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नका, आत दव धरतं.

कारागृहात संमती घेताना पहारेकरी कानाच्या अंतरावर नको. कार्डावर नाव नाही, फक्त कोड. यादी वेगळी, कुलपात. निकाल येईस्तोवर माणूस सुटलेला किंवा दुसरीकडे हलवलेला असू शकतो, म्हणून टोचण्याआधीच विचारून ठेवा: निकाल कुठे पोचवायचा, आणि तो कोणाच्या हाती मुळीच पडू द्यायचा नाही.